समुद्रातली बोंडअळी

संग्राहक हा शब्द मी साठी उलटल्यावर ऐकला. पुण्यात मुलाचा एक मित्र घरी आला होता. माझी ट्रंक उघडी बघून तो आदराने म्हणाला, "काका, तुम्ही तर संग्राहक आहात." आमच्या घाटंजीकडे या रोगाला इतकं देखणं नाव नव्हतं. तिथे त्याला कचरा जमवणं म्हणत आणि जमवणाऱ्याला जे म्हणत ते छापण्यासारखं नाही. मी जमवत होतो ती चित्रांची पुस्तकं, पातळ, रंगीत, मुंबईत छापलेली. त्यांचा नायक कप्तान समशेर. हा गृहस्थ बाराही महिने समुद्रात राहायचा, जहाजं वाचवायचा आणि पाण्याखाली तासन् तास चाकूने मारामारी करायचा. आमच्या नदीत संक्रांतीनंतर म्हशीचं पोट भिजेल एवढंही पाणी उरत नसे. समुद्र आमच्या गावात कोणीच पाहिला नव्हता. भरती-ओहोटी शिकवताना गुरुजींनी पाण्याची बादली हलवून दाखवली होती आणि सांडलेलं पाणी पुसायला आम्हालाच लावलं होतं. अशा गावात माझ्यासारख्या कास्तकाराच्या पोराला पाणबुड्याचं वेड लागावं यात तसं नवल काही नाही. ज्या गोष्टीशी आपला कवडीचा संबंध नाही तिच्यासाठीच माणूस जीव टाकतो. नंतर नोकरीत तीसेक वर्षं मी हेच पाहिलं.

पुस्तकं मिळायची ती घाटंजीच्या बाजारात. सायकल दुरुस्त करणाऱ्या हमीद मिस्त्रींचा युसूफ माझ्या वर्गात होता आणि त्याला हाच रोग माझ्याआधी जडला होता. जुन्या अंकांचा ढीग घेऊन बसणारा म्हातारा नेमका मिरचीवालीच्या शेजारी पोतं अंथरायचा. त्यामुळे आमचा कप्तान समुद्रातून वर यायचा तो मिरचीच्या धुराळ्यात. पहिलं पान उलटलं की तीन-चार शिंका ठरलेल्या. शिंका न येणारा अंक आम्हाला खोटा वाटे. युसूफचे नियम कडक होते. बदल्यात दिलेला अंक फाटका असेल तर त्याच्यावर एक गोटी जास्त द्यायची, आणि शेवटचं पान नसेल तर तो अंक नुसता बघायचा, घ्यायचा नाही. "आखरी पन्ना नही तो मजा क्या, गजू? आदमी पानी मेंच अटक जाता," तो म्हणायचा. आम्हाला गोष्टीपेक्षा गोष्टीमधल्या भोकांचीच काळजी जास्त. अमुक अंक आपल्याकडे नाही या दुःखात जे सुख असतं ते अंक हातात पडल्यावर दोन दिवसही टिकत नाही. मग पुढच्या भोकाकडे बघत बसायचं. तेव्हा हे कळलं असतं तर माझा पुष्कळ वेळ वाचला असता. पण त्या वाचलेल्या वेळाचं मी काय केलं असतं कोणास ठाऊक.

फाटक्या अंकांची डॉक्टर माझी आई. कापसाची पोती शिवायचं दाभण आणि सुतळी घेऊन ती अंकाच्या पाठीवर असे टाके घाली की पुस्तक एकवेळ फाटेल पण टाका सुटणार नाही. त्या शिवणीमुळे पुस्तक पूर्ण उघडायचं नाही. कप्तानाचा अर्धा चेहरा कायम सुतळीखाली राहायचा आणि कोणाच्या संवादाचे फुगे कोणाच्या तोंडात जायचे ते आपण समजून घ्यायचं. मोबदला म्हणून मी तिला गोष्ट वाचून दाखवायची. हिवाळ्यात चुलीवर तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडत ठेवलेल्या असायच्या. एका अंकाला एक पातेलं शेंगा असा साधारण हिशेब बसे. आई शेंगा सोलत ऐके आणि कप्तानाची बाजू कधीही घेत नसे. "या मानसाले घर नाही का? मायबाप नाही का?" ती विचारी. "रोज पाण्यात राहून राह्यला, सर्दी कशी होत नाही त्याले?" या प्रश्नाचं उत्तर मुंबईच्या कोणत्याही अंकात मिळालं नाही.

आता बाबा. आमच्या बाबांना दोन गोष्टींचा अभिमान होता, स्वतःच्या कापसाचा आणि स्वतःच्या अभिमानाचा. वेचणाऱ्या बायांच्या मागे ते स्वतः उभे राहत. कापसात वाळलेली पत्ती दिसली, किडकं बोंड दिसलं की तिथेच ओटी सोडायला लावून निवडून घेत. बाया त्यांना पाठीमागे सासू म्हणत. बाजारात त्यांची कापसाने भरलेली बैलबंडी आली की अडते हात घालून बघायची तसदीही घेत नसत, असं बाबा सांगत. आम्ही ते इतक्यांदा ऐकलं होतं की घरातला पोपटही बोलला असता, पण आमच्याकडे पोपट नव्हता. त्या साली शेजारच्या गावच्या एका माणसाने वजनासाठी कापसाला पाणी मारलं आणि तो पकडला गेला. त्याची भरलेली बंडी बाजारातून परत फिरवली. अख्ख्या घाटंजीच्या मुख्य रस्त्याने, लोक दुकानाच्या पायऱ्यांवर येऊन बघताहेत आणि तो मान खाली घालून बैल हाकतोय. अशी परत आलेली बंडी पुढे कोणताच अडत्या उभी करून घेत नसे. त्या वेळी रस्त्यात उभं राहून त्याला मोठ्याने चार शब्द सुनावणारे आमचे बाबाच होते. "कापूस म्हंजे मानसाचं तोंड होय," ते म्हणाले होते. हे वाक्य त्यांना फार आवडलं आणि पुढे महिनाभर आम्हाला जेवताना ऐकावं लागलं.

त्या वर्षी भाव पडलेला होता म्हणून बाबांनी कापूस रोखून धरला. आमच्याकडे अशा वेळी कापूस घरातच भरतात. समोरची खोली आढ्यापर्यंत भरली. माणसं उरलेल्या घरात दाटीवाटीने, आणि कापूस ऐसपैस. आम्ही पोरं वर चढून तो तुडवायचो, मग रात्रभर अंग खाजवायचो. जागेची टंचाई होती आणि माझा साठा वाढत होता. सगळ्याच साम्राज्यांची हीच अडचण असते. घरात लोखंडी ट्रंक एकच. तिच्यात बाबांच्या लग्नातला कोट होता. तो त्यांना गेली कित्येक वर्षं होत नव्हता. मी तो काढून घडी करून माळ्यावर ठेवला आणि ट्रंकेत कप्तानाची वसाहत केली. उंदरांना कोट बरोबर झाला. मामाच्या लग्नाला जायचं म्हणून बाबांनी कोट मागितला तेव्हा आईच्या हातात आली ती एक बाही आणि तिच्यात चार गुलाबी पिल्लं. बाबा ओरडले नाहीत. ते ओरडत नसत तेव्हाच भीती वाटायची. ते म्हणाले, "यंदाच्या होळीले लाकडं कमी लागतीन. थो सगळा कागद मी माह्या हातानं टाकतो."

दोन दिवसांनी शाळेतून आलो तर ट्रंक रिकामी. होळीला अजून अवकाश होता. मला वाटलं, बाबांनी दम न धरता सगळे अंक आंघोळीच्या पाण्याखाली लावले. चुलीतली राख मी काडीने उकरून पाहिली. बाबांनीही ट्रंक उघडून पाहिली होती आणि त्यांना वाटलं, पोरगा सगळा माल युसूफकडे पोचता करून मोकळा झाला. दोघंही एकमेकांना चोर समजत होतो आणि विचारायला दोघंही तयार नव्हतो, कारण विचारलं की आपल्याला त्याचं पडलंय हे कबूल होतं. मी त्यांच्या ताटाकडे पाठ करून जेवायचो. ते आईला म्हणायचे, "याले सांग, मीठ दे." आई मीठ देत होती आणि काहीच बोलत नव्हती. मला खरोखर रडू यायचं. आज हसू येतं, पण तेव्हाचं रडणं खोटं नव्हतं. कोणी आपलं जाळलं आणि जाळणारा समोर बसून भाकरीवर ठेचा घेतोय, हे पोटात ठेवणं त्या वयात फार जड होतं.

पुढच्याच आठवड्यात ढाणकीहून सांगावा आला. मावशीचे दिवस भरले होते, आई तिकडे गेली. ती गेली आणि भाव उसळला. बाबांनी एका दिवसात बंड्या जमवल्या. पहाटेच माणसं लागली. खोलीला खिडकी नव्हती, दारातून जेवढा उजेड येईल तेवढ्यात ती माणसं चादरीत कापूस ओढून गाठोडी करून बंडीत ओतत होती. मागच्या भिंतीलगतचा शेवटचा थर तर न बघताच ओढला. मला शाळेला सुट्टी देऊन बाबांनी बरोबर घेतलं. अबोला होता तरी आपला कापूस बाजारात कसा गाजतो हे पोराने बघायलाच हवं होतं.

बाजारात सगळं बाबांच्या मनासारखं झालं. मोहनशेठ नावाच्या अडत्याने वरवर हात घातला, भाव बोलला, सौदा झाला. मग जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात बंड्या ओतायला लागल्या. पहिली ओतली. पांढरा शुभ्र ढीग, बाबा मिशीवर हात फिरवत उभे. दुसरी ओतली आणि त्या ढिगावरून कप्तान समशेर घरंगळत खाली आला. त्याच्यामागून आणखी एक. मग अंकांची रांगच लागली, निळी, लाल, पिवळी. अंगभर सरकीचा कापूस चिकटलेला, पण एकही पान जळलेलं नाही. मी बंडीवर उभा होतो. माझं काळीज आधी आनंदाने उडालं आणि तिथेच, वरच्या वर, भीतीने थांबलं.

मोहनशेठने एक अंक उचलला, झटकला. भोवती माणसं गोळा झाली. त्यांत तो पाणी मारणारा शेजारगावचा माणूसही होता. तो अगदी पुढे येऊन उभा राहिला, हे मी कधी विसरणार नाही.

"काय पाटील," मोहनशेठ म्हणाला, "आजकाल वजन कागदाचं देता का?"

कोणीतरी मागून म्हणालं, "फिरवा बंड्या. त्या दिवशी गरिबाची फिरवली ना? मंग?"

"हाव, फिरवा," आणखी दोघं-तिघं म्हणाले.

मला तोंड उघडायचं होतं. माझी आहेत, एवढंच म्हणायचं होतं. बाबांनी वाकून एक अंक उचलला. त्यांनी चित्र पाहिलं नाही. पुस्तक उलटं करून त्याच्या पाठीवरची शिवण पाहिली, अंगठ्याने सुतळी चाचपली. मग दुसरा अंक उचलून तेच केलं. मग माझ्याकडे असं पाहिलं की माझं उघडलेलं तोंड मिटलं.

"माह्याच आहेत," बाबा म्हणाले. "मी वाचतो. दुपारी कापसावर आंग टाकून वाचत असतो, राहून गेल्या आतमंदी."

आवारात जे हसू फुटलं ते जिनाच्या भोंग्याला ऐकू गेलं असेल. कापसातली पत्ती निवडायला लावणारा, तीन गावांना उपदेश करणारा माणूस पोरांची चित्रं बघतो. मोहनशेठ काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने एक अंक उघडून बाबांच्या नाकासमोर धरला. आठ हातांनी जहाज आवळून धरलेला राक्षसी प्राणी, पान भरून.

"वाचता ना? मंग सांगा, हे कोनतं जनावर होय?"

मला ते जनावर माहीत होतं. त्याचं नाव, त्याचं वजन, तो कितव्या अंकात मरतो आणि कितव्यात पुन्हा जिवंत होतो, सगळं. बाबांनी असलं काही जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी चित्राकडे बराच वेळ बघितलं, कापसाच्या बोंडाकडे बघायचे तसं, डोळे बारीक करून.

"बोंडअळी होय," ते म्हणाले. "समुद्रातली."

या वेळचं हसू वेगळं होतं. बोंडअळीने ज्याचं वाटोळं केलं नाही असा एकही माणूस त्या आवारात नव्हता. "जहाज बी पोखरते का थे, पाटील?" कोणीतरी विचारलं. "जहाज का सोडते थे?" बाबा म्हणाले. मोहनशेठने डोळे पुसले, अंक बाजूला काढायला लावले आणि ढीग पायाने पसरून आत आणखी काही नाही याची खात्री केली. मग माल उतरवून घेतला. बंड्या फिरल्या नाहीत. शेजारगावचा माणूस निघून गेला. तो हसला होता की नाही ते माझ्या लक्षात नाही.

परतताना रिकाम्या बंडीत बाबा बसले होते आणि दुपट्ट्यात बांधलेलं माझं साम्राज्य त्यांच्या मांडीवर होतं. मग नाला ओलांडल्यावर त्यांनी समोर बघतच विचारलं, "त्याले खरंच आठ हात रायते का?" मी हो म्हणालो. "मंग थो मानूस वाचते कसा?" मी सांगायला लागलो. घर आलं तरी गोष्ट संपली नव्हती आणि बाबांनी बैल सोडायला उशीर केला.

आई चार दिवसांनी आली. अंगणात पाऊल टाकताच तिला समोरच्या खोलीचं दार सताड उघडं दिसलं. पिशवी हातातच ठेवून ती आत गेली, मागच्या भिंतीपाशी उभी राहिली, आणि बाहेर येईना. बाबा ओसरीवर अडकित्त्याने सुपारी कातरत होते. "काव," ते म्हणाले, "तुही शिवण ट्रंकात आहे." एवढंच. कोटाचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. आईने त्या संध्याकाळी भरीत केलं. बाबांना वांग्याचं भरीत अतिशय आवडे.

मला पुढे तिने सांगितलं की अंक कापसात लपवल्याचं मला न सांगण्याचं कारण माझं तोंड. "तुह्या पोटात कांदा राहत नाही. अन् मी घातलेले टाके मी कायले जाळू देईन?" तिला कप्तानाशी काहीच देणंघेणं नव्हतं. बाबांनी ती सुतळी पाहिली आणि घरातल्या बाईचं नाव बाजारात निघण्याआधी स्वतःचं पुढे केलं. मी बरीच वर्षं याला प्रेम म्हणायचं की ताठा, असा वाद स्वतःशी घातला. माझं घर माझं ऐकत नाही असं लोकांना कळण्यापेक्षा मी पोरकट आहे असं कळलेलं बरं, असाही हिशेब त्यांनी केला असेल. आता मला वाटतं, आमच्याकडच्या माणसांत या दोन गोष्टी एकाच बोंडातून निघतात. आणि मला तेव्हाही, त्या बंडीवर उभं असताना, ते फार आवडले होते.

पण खोटं बोलणं सोपं, ते निभावणं कठीण. बाजारात बाबांचं नाव कप्तान पडलं. दर बाजाराला कोणी ना कोणी विचारी, "काय कप्तान, बोंडअळी मेली का?" उत्तर द्यायचं म्हणजे वाचणं आलं. बाबा वाचू लागले, कपाळाला आठ्या घालून, शेताचा सातबारा वाचावा तसे. लोक थट्टेने त्यांना अंक आणून देऊ लागले. मी वर्षानुवर्षं ज्या भोकांसाठी झुरलो ती महिन्याभरात बुजली. साठा दुप्पट झाला आणि माझा राहिला नाही. ट्रंकेला कुलूप लागलं, किल्ली बाबांच्या करदोट्याला. अंक हवा असेल तर हात धुऊन मागायचा, जागेवर बसून वाचायचा, पान थुंकी लावून उलटायचं नाही. कडुलिंबाचा पाला दर अमावास्येला बदलला जाई. युसूफ एकदा आला आणि हे सगळं बघून म्हणाला, "गजू, ये तो सरकारी दफ्तर हो गया." त्यानंतर तो मन लावून सायकली दुरुस्त करू लागला. तो माझ्यापेक्षा लवकर शहाणपण शिकला. मी अमरावतीला कॉलेजात गेलो. तिथे मला जाडजूड पुस्तकं वाचणारा माणूस म्हणून मिरवायचं होतं, आणि घरून निरोप यायचा, येताना दोन अंक आण, मधला चुकला आहे. स्टँडवरच्या दुकानात ओळखीचं कोणी नाही ना हे बघून मी ते विकत घ्यायचो आणि जाड पुस्तकात लपवून आणायचो.

बाबा गेल्यावर ट्रंक माझ्याकडे आली. ती माझ्या प्रत्येक बदलीबरोबर फिरली. बायकोने तिला सवत म्हणायचं सोडून दिलं, कारण सवत निदान जागा कमी घेते, असं ती म्हणे. मुलाच्या त्या आदरयुक्त मित्राने हातमोजे घालून अंक पाहिले आणि मान हलवली. सुतळीने सगळी किंमत गेली, तो म्हणाला. शिवण नसती तर फार मोल होतं. शिवण नसती तर अंकच नसते, हे मी त्याला सांगितलं नाही. हातमोजे घातलेल्या माणसाला काही सांगू नये.

गेल्या महिन्यात सोसायटीची सभा होती. जिन्याखालची अडगळ काढायची म्हणून सगळे खाली जमले, आणि अडगळीत प्रथम सापडली ती माझी ट्रंक. मुलाने ती मला न विचारता तिथे नेऊन ठेवली होती. सेक्रेटरीने झाकण उघडलं. "हे कोणाचं आहे?" त्याने विचारलं. मुलगा मोबाइलमध्ये बघू लागला.

"माह्याच आहेत," मी म्हणालो. इतक्या वर्षांनी तोंडातून तेच निघालं आणि तसंच निघालं. "मी वाचतो. दुपारी."

सेक्रेटरीने एक अंक उचलून मधलं पान उघडलं. तिथे सुतळी होती आणि सुतळीत अजून थोडा कापूस अडकलेला होता. त्याच्या शेजारी आठ हातांनी जहाज आवळलेलं. "आणि हे काय?" तो म्हणाला.

"समुद्रातली बोंडअळी."

मी थांबलो. कोणीच हसलं नाही. त्या गर्दीत समुद्र सगळ्यांनी पाहिला होता, बोंडअळी एकानेही नाही.